वायनरीत न पिणाऱ्यांनी काय करायचं? (सांग्रिया, स्प्रिट्झ, द्राक्षरस वगैरे)

गोदाकाठ (धागाकर्ती)

नाशिकात घर असलं की डिसेंबर ते मार्च पाहुण्यांची वर्दळ ठरलेली. सकाळी त्र्यंबकेश्वर, दुपारी मखमलाबादकडे द्राक्षबागेतली मिसळ, संध्याकाळी वायनरी. एका गाडीत सहा-सात माणसं. त्यात रीतसर पिणारे दोन, "चव घेऊन बघेन" म्हणणारी एक, गाडी चालवणारा एक. बाकीच्यांपैकी कुणाची चतुर्थी, कुणाच्या बीपीच्या गोळ्या, कुणी नुसतंच "नको बाई".

आता गंमत अशी की वायनरीत जायचं की नाही हे ते दोन पिणारे ठरवत नाहीत. मागच्या सीटवरून "आम्ही तिथे करायचं काय?" असा आवाज आला की गाडी सोमेश्वरच्या धबधब्याकडे वळते.

वायनरीवाल्यांना हे उमगलंय असं दिसतं. पूर्वी टेस्टिंग म्हणजे ओळीने ग्लास आणि त्यावर एक छोटं व्याख्यान. आता मेनूत सांग्रिया (फळं घातलेली वाइन) आहे, स्प्रिट्झ (सोडा घातलेली वाइन) आहे, बर्फात घोटलेली रोझे (गुलाबी वाइन) आहे, आणि शेवटी अल्कोहोल नसलेल्या पेयांचं एक वेगळं पान आहे. कारण उघड आहे. जगात वाइन पिणं कमी होतंय. २०२४ मध्ये जागतिक खप १९६१ नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीला आला होता. आपल्याकडे नाशिकच्या सुला वायनरीने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, आणि आता तिच्या निकालांत वाइन टुरिझमचं उत्पन्न वेगळं दाखवलं जातं. म्हणजे गेटमधून आत येणारा माणूस हाही धंदाच आहे, मग तो वाइन पिवो की न पिवो.

माझी तक्रार त्या शेवटच्या पानाबद्दल आहे. (नाव कुणाचं घेत नाही, तीन-चार ठिकाणी हेच पाहिलंय.) व्हर्जिन मोहितो, ब्लू लगून, ग्रीन अ‍ॅपल सोडा. सगळं बाटलीतल्या सिरपचं, महामार्गावरच्या कुठल्याही हॉटेलात मिळणारं. समोर नजर जाईल तिथवर द्राक्षाचे वेल आणि माझ्या सासूबाईंच्या हातात निळं पाणी! किंमत जवळजवळ वाइनच्या ग्लासाएवढी.

माझं म्हणणं एवढंच, की न पिणाऱ्यालाही त्याच बागेतलं काहीतरी द्या. सांग्रिया देताय तर ती कोणत्या वाइनची, हे वाढणाऱ्या पोराला माहीत असू द्या. तुमचे अनुभव सांगा, नाशिकबाहेरचेही चालतील.

---

टवाळ_तात्या

ब्लू लगून प्यायल्यावर जीभ निळी होते, ती दाखवून फोटो काढायचा असतो. तेवढेच पैसे वसूल. तुम्ही फारच गंभीरपणे घेता ब्वा.

---

ओक_पिंप

धागा चांगला आहे, पण मी विरुद्ध बाजूचा.

वाइनमध्ये बर्फ, सोडा, संत्र्याच्या फोडी आणि दालचिनी घालायची असेल तर वायनरीत जाता कशाला? बर्फाने वाइन गारठली की वास मरतो. वर साखर घातली की द्राक्ष शिराझ आहे की झिनफँडेल, हे बनवणाऱ्यालाही ओळखता यायचं नाही. माझा संशय असा की न खपलेला माल खपवायची ही सोय आहे. ज्या वायनरीच्या मेनूत पहिल्या पानावर सांग्रिया, तिथल्या वाइनबद्दल मला शंकाच येते.

अल्कोहोलमुक्तबद्दल सहमत. चांगला द्राक्षरस द्या आणि विषय संपवा.

---

काउंटरमागून

गोव्यात बरीच वर्षं बार सांभाळतो, मूळचा सावंतवाडीचा. ओक_पिंप, तुमचा राग कळतो, पण थोडं ऐका.

उन्हाळ्यात आमच्याकडे उराक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, लिम्का घालून पितात. त्याला कोणी उराकचा अपमान म्हणत नाही, कारण ती पिण्याची रीतच तशी आहे. वाइनचंही तसंच. स्पेनमध्ये उकाड्यात रेड वाइन आणि गोडसर सोडा मिसळून पितात, त्याला तिंतो दे वेरानो म्हणतात. बास्क लोक तर रेड वाइनमध्ये कोला घालतात, त्याचं नाव कालीमोचो. व्हेनिसकडचा स्प्रिट्झ सगळ्यांना माहीत आहे. हे सगळे वाइन पिकवणारेच मुलूख आहेत. सांग्रियाचा तर त्यांना इतका अभिमान की युरोपीय संघात स्पेन आणि पोर्तुगालमध्ये बनलेली असेल तरच बाटलीवर नुसतं 'सांग्रिया' लिहिता येतं.

आता कामाचं बोलतो. सांग्रियाला पिंपात मुरलेली महाग रेड वापरू नये. संत्र्याच्या सालीबरोबर ओकचा कडवटपणा दुप्पट होतो. तरुण, फळाळ शिराझ घ्यावी. फळं आदल्या रात्री वाइनमध्ये टाकावीत, सोडा मात्र वाढताना. आपल्याकडच्या शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनचा स्प्रिट्झ फार सुरेख होतो. शंभर मिली वाइन, तेवढाच सोडा, लिंबाची चकती, पुदिन्याची दोन पानं. साखर नको, शेनिन स्वतःच जरा गोडसर असते.

आणि एक गैरसमज. "कॉकटेल म्हणजे हलकं" असं समजून लोक एकावर एक मागवतात. वर सांगितलेल्या शेनिनच्या ग्लासात साधारण १२ मिली शुद्ध अल्कोहोल जातं. वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात १८-१९ मिली. पण इटालियन पद्धतीचा स्प्रिट्झ, म्हणजे ९० मिली प्रोसेको (फसफसती वाइन) आणि ६० मिली अ‍ॅपेरॉल (नारंगी, कडसर मद्य), हिशेब केलात तर १६-१७ मिलीवर जातो. म्हणजे जवळजवळ वाइनचाच ग्लास, फक्त नारंगी रंगाचा. सांग्रियाच्या तळाशी राहिलेली फळंही अल्कोहोल प्यायलेली असतात. ती पोरांना चघळायला देऊ नका. हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो.

---

ऱ्हाइनकाठी

जर्मनीतून. इथे वाइनमध्ये पाणी घालण्याला कोणी नाक मुरडत नाही. वाइन आणि सोडावॉटर, त्याला शोर्ले म्हणतात. फाल्त्स भागात तर हे अर्ध्या लिटरच्या, बोटांना पकड मिळावी म्हणून खळगे पाडलेल्या ग्लासात मिळतं. शेतावर राबून आलेला माणूस दुपारी दुसरं काय पिणार?

पण मला सांगायचंय ते दुसरंच. इथे छोटे द्राक्षबागायतदार आपल्याच अंगणात बाकडी टाकून स्वतःची वाइन विकू शकतात. त्याला श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात. वर्षात जास्तीत जास्त चार महिने आणि चाळीस जागा, एवढी मर्यादा पाळली की हॉटेलचा वेगळा परवाना लागत नाही. अशा अंगणात द्राक्षरस हमखास असतो, त्याच बागेतला. पोरं तो सोडा घालून पितात, गाडी चालवणारेही तेच. वेगळं पान वगैरे काही नाही, एकाच फळ्यावर वाइनच्या खाली रस लिहिलेला.

आणि गोदाकाठ, तुमच्या किमतीच्या मुद्द्यावर. इथल्या उपाहारगृहांच्या कायद्यातच आहे की दारू देणाऱ्या जागेत निदान एक बिनदारूचं पेय असं हवं, जे तेवढ्याच मापाच्या सर्वांत स्वस्त दारूपेक्षा महाग नसेल. लोक त्याला गमतीने 'सफरचंदरसाचं कलम' म्हणतात. आपल्याकडे असं काही आलं तर ब्लू लगूनचे भाव एका रात्रीत उतरतील.

---

गोदाकाठ

ऱ्हाइनकाठी, सफरचंदरसाचं कलम! हे मी छापून पर्समध्ये ठेवणार.

काउंटरमागून, फळांबद्दल सांगितलंत ते बरं झालं. आमच्याकडचा बारका पुतण्या जगमधली सफरचंदं काढायला टपलेला असतो.

---

खरड_छाटणी

निफाड तालुका. घरची बाग आहे, थोडी वाइनची, बाकी खायची. धागा वाचून राहवलं नाही.

रस द्या, रस द्या म्हणणं सोपं आहे. पहिली गोष्ट, वाइनचं द्राक्ष आणि खायचं द्राक्ष वेगळं. वाइनचा मणी बारीक, बी असलेला, जाड सालीचा, पण गोडी २२ ते २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप). थॉमसन, म्हणजे खायचं बिनबियांचं द्राक्ष, आम्ही १८ च्या आसपास तोडतो. २४ ब्रिक्सचा रस नुसता पिऊन बघा, दोन घोटांत तोंड चिकटेल. पेयासाठी माल आधी तोडावा लागतो, आंबटपणा शिल्लक असताना. म्हणजे त्या ओळी वेगळ्या राखायच्या, त्यांची तोड वेगळी, मजूर वेगळे. वायनरी म्हणते आम्हाला ही भानगड नको.

दुसरी गोष्ट, ताजा रस टिकत नाही. फेब्रुवारीच्या उन्हात कच्चा रस उघडा ठेवला की दुसऱ्या दिवशी फसफसायला लागतो. गरम करून बाटलीत भरा, नाहीतर गोठवा. गरम केला की ताजेपणा गेला. म्हणून माझं मत असं की हंगामात, जानेवारी-मार्चमध्ये, प्रेसमधून निघालेला रस थंडगार करून त्याच दिवशी पाजा. युरोपात तेव्हा तो मिळत नाही, कारण तिथे त्या वेळी वेल झोपलेले असतात. एवढी मोठी गोष्ट हातात असून आपण निळं पाणी विकतो.

तिसरी गोष्ट वाणाची. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने रसासाठी खास वाण काढलाय, मांजरी मेडिका. पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांचा संकर. याचा गरसुद्धा रंगीत असतो, त्यामुळे रस गडद जांभळा निघतो, वेगळा रंग घालायला नको. वायनरीच्या कडेला याच्या दोन-चार ओळी लावल्या तर पाहुण्याला वेल दाखवा आणि तोच रस पाजा. फोटोही निघेल, तात्यांची सोय झाली.

आणि कराची गंमत. वाइन जीएसटीबाहेर, तिचा कर राज्याचा. साध्या फळरसावर सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के. पण तोच रस गॅस भरून बाटलीबंद केला की तो कार्बोनेटेड फळपेयांत जातो, आणि तिथे चाळीस टक्के! शॅम्पेनसारखी दिसणारी बिनदारूची बाटली लग्नात फोडायला छान, पण त्या दरात कोण विकणार? म्हणून रस साधा ठेवा आणि सोडा ग्राहकासमोर ओता.

---

ओक_पिंप

खरड_छाटणी, दंडवत. हंगामातल्या ताज्या रसाचा मुद्दा पटला. सांग्रियाबद्दल मत तेच आहे.

---

बे_एरियातली_माई

कॅलिफोर्नियात नापाला आता साध्या टेस्टिंगला चाळीस-पन्नास डॉलर सहज पडतात, नावाजलेल्या ठिकाणी त्याच्या कितीतरी वर. गाडी चालवणाऱ्याने त्या पैशात नुसतं पाणी पीत बसायचं, हे तिथे फार बोचतं. त्यामुळे काही जागी चालकासाठी कमी दर असतो आणि त्यात व्हर्जूसचं सरबत मिळतं. व्हर्जूस म्हणजे कच्च्या, हिरव्या द्राक्षाचा रस. लिंबाएवढा बोचरा नाही, पण आंबट. सोडा, थोडा मध आणि चिमूटभर मीठ घातलं की आपल्या कैरीच्या पन्ह्याच्या गावाला जाऊन येतं.

वाइन कॉकटेलचं इथलं दुसरं कारण परवान्याचं. वायनरीच्या परवान्यावर व्होडका, जिन ओतता येत नाही. मग वाइन आणि वर्मुथ (वनस्पती-मसाले घातलेली वाइन) यांतूनच कॉकटेल बसवायचं. त्यातून काही फार डोकेबाज पेयं निघाली आहेत.

---

काउंटरमागून

माई, आपल्याकडेही तसंच. आवारात परमिट रूमचा परवाना असलेलं रेस्तराँ असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या वाइनच्या परवान्यावर सांग्रियात ब्रँडी ओतली तर उत्पादन शुल्कवाले दारात. म्हणून वायनरीतली सांग्रिया बारमधल्या सांग्रियापेक्षा सौम्य लागते.

---

अ‍ॅडलेडची_पाखरं

व्हर्जूसवरून आठवलं. आमच्या साउथ ऑस्ट्रेलियात बरोसा खोऱ्यातल्या मॅगी बीअर यांनी १९८४ मध्ये ते विकायला बनवलं, तेव्हा लोकांना ते काय असतं हेच माहीत नव्हतं. आता साध्या सुपरमार्केटात बाटली मिळते. इराणी शेजारीण मात्र हसते, त्यांच्या स्वयंपाकात कच्च्या द्राक्षाचा रस पिढ्यान्‌पिढ्या आहे. निफाडकर, विरळणीत जो हिरवा माल खाली पडतो त्याचं असं काही करता येईल का?

---

खरड_छाटणी

ताई, कल्पना गोड आहे पण एक अडचण. विरळणीच्या वेळी बाग डावणी-भुरी या बुरशीरोगांच्या फवारणीत असते. प्रत्येक औषधाला प्रतीक्षा कालावधी असतो, फवारल्यावर इतके दिवस माल खायचा नाही. खाली पडलेला हिरवा मणी त्या मुदतीच्या आतला असतो. तो पिळून पाहुण्याला पाजला तर मी तुरुंगात. व्हर्जूससाठी काही वेल आधीपासून वेगळे धरून त्यांचं फवारणीचं वेळापत्रक वेगळं ठेवावं लागेल. होऊ शकतं, पण ज्याला आधी लेखी दर मिळेल तोच करील. २००८-०९ च्या मंदीत आमच्या भागातल्या कितीतरी लोकांनी वाइनचे वेल उपटले, माझ्या चुलत्यांचे पैसे तर एका कंपनीकडे अडकले ते अडकलेच. तेव्हापासून कुठल्याही 'नव्या प्रयोगा'ला शेतकरी आधी करार दाखवा म्हणतो.

---

साधा_प्रश्न

दुकानात 'अल्कोहोल काढलेली वाइन' मिळते ती आणि द्राक्षरस यात फरक काय? आणि ती पूर्ण शून्य असते का? घरात एक जण कडक जैन आहे, म्हणून विचारतोय.

---

प्रयोगवही

फरक आहे. द्राक्षरस आंबवलेलाच नसतो. अल्कोहोल काढलेली वाइन आधी नेहमीसारखी बनते, मग त्यातून अल्कोहोल काढतात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, तेवढी उष्णता दिली तर वाइनचा काढा होईल. म्हणून निर्वातात तापवतात, तिथे ३०-३५ अंशांच्या आसपासच काम होतं. दुसरी रीत गाळण्याची, आपल्या घरच्या आरओसारखीच, पण पडदा वेगळा. तिसऱ्या यंत्रात फिरत्या शंकूंवरून वाइनचा पातळ थर सोडतात, आधी सुगंध वेगळा काढतात, मग अल्कोहोल, आणि शेवटी सुगंध परत मिसळतात. यंत्रं महाग, म्हणून छोट्या वायनरीला परवडत नाही.

अल्कोहोल गेलं की अंगही जातं. पेय पाणचट लागतं, ते झाकायला बऱ्याचदा साखर वाढवतात. मधुमेह असेल तर लेबल वाचून घ्या.

पूर्ण शून्य असेलच असं नाही. युरोपात ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली वाइन 'अल्कोहोल काढलेली' म्हणून विकता येते. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतही ०.५ टक्क्यांच्या वर गेलं तरच ते मद्यपेय. कडक व्रत असेल, गर्भारपण असेल किंवा व्यसनातून बाहेर पडलेलं कुणी असेल तर हे पेय त्यांच्यासाठी नाही. साधा रसच द्या, तोही ताजा. खरड_छाटणी म्हणतात तसा फसफसलेला रस म्हणजे वाइनची सुरुवातच.

---

गांधीटोपी

सगळे आनंदाने गप्पा मारताय म्हणून कडू बोलतो. अल्कोहोलमुक्त पेयांचं कौतुक चाललंय, पण उद्देश काय? कुटुंब आत आणायचं. आज पोराच्या हातात उंच दांड्याच्या ग्लासात द्राक्षरस, उद्या त्याच ग्लासात दुसरं काही. केबल टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे, तरी सोडा आणि सीडीच्या नावाने ब्रँड आमच्या डोळ्यांसमोर नाचतच होते. ही तीच युक्ती आहे. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा राज्यभर का विरोध झाला, आठवतंय ना?

---

गोदाकाठ

गांधीटोपी, तुमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पोरांना वाइनच्या ग्लासात रस देऊ नये, हे मलाही पटतं. साध्या पेल्यात द्या. बाटलीवर तेच नाव, तेच चित्र नको, हेही मान्य.

पण कुटुंब आत येऊच नये, हे नाही पटत. आमच्याकडे पुरुष 'बसायला' जायचे आणि बायका घरी जागत बसायच्या, ते दिवस मी पाहिलेत. मोकळ्या जागेत, उजेडात, सासूबाई समोर असताना माणूस दोन ग्लासांवर थांबतो. गाडी चालवणाऱ्यापुढे काहीतरी बरं ठेवलेलं असलं की "एक घोट घे रे, काय होतंय" हा आग्रहही बंद होतो. माझ्या लेखी हा फायदा मोठा.

---

सातपूरचा_शिरपा

कोणी ड्राय डेचा मुद्दाच काढला नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. सुट्टी आहे म्हणून मुंबई-पुण्याची गर्दी, आणि सुट्टी कसली तर दारूबंदीची. २६ जानेवारी तर ऐन तोडणीचा हंगाम. त्या दिवशी वायनरी काय विकते? पिझ्झा आणि निळं पाणी. चांगला द्राक्षरस, कोकम घातलेला शिराझच्या द्राक्षाचा सोडा, व्हर्जूसचं पन्हं असं चार-पाच पेयांचं पान असेल तर तो दिवस वाया जात नाही. निवडणुकीच्या वर्षी मतदान संपण्याआधीचे अठ्ठेचाळीस तासही त्यात धरा. आणि २०२७ चा सिंहस्थ येतोय. त्र्यंबकला येणाऱ्या लाखो माणसांतले किती वाइन पितील? द्राक्षरस मात्र सगळे पितील.

---

टवाळ_तात्या

शिरपा, कोकम आणि शिराझच्या द्राक्षाचा सोडा? रेसिपी टाक, उगाच तोंडाला पाणी सोडू नकोस.

---

सातपूरचा_शिरपा

घ्या. वाइनची काळी द्राक्षं बियांसकट हलकी कुस्करायची (मिक्सर नको, बी फुटली की तुरट होतं), गाळून घ्यायची. एक ग्लास रसाला पाच-सहा आमसुलं तासभर भिजत टाकायची, चिमूटभर भाजलेलं जिरं, सैंधव. अर्धा ग्लास हे, अर्धा सोडा. साखर अजिबात नाही. ग्लासाच्या कडेला मीठ-तिखट लावायचं की नाही, ते आपल्या हौसेवर.

---

ओक_पिंप

याच्यात वाइन नाही, त्यामुळे माझी काहीच हरकत नाही. खरड_छाटणी, फेब्रुवारीत तुमच्याकडे काळा माल कधी तुटतो? पाच किलो बाजूला ठेवाल का, येऊन घेऊन जातो.

---

खरड_छाटणी

यंदा गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) उशिरा झाली, त्यामुळे शिराझ फेब्रुवारीच्या शेवटी धरा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. क्रेट घेऊन या, पिशवीत फुटतात.